वडिलांची दुनळी आणि रिव्हॉल्वर: ऑनलाइन ग्राहक शोधावा की परवानाधारक डीलरकडे द्यावं?

प्रश्न थोडक्यात असा: सातारा जिल्ह्यात राहणाऱ्या वडिलांचं आठ महिन्यांपूर्वी निधन झालं. त्यांच्या परवान्यावर इंग्लिश बनावटीची १२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, आणि वेब्ली अँड स्कॉटचं .३२ रिव्हॉल्वर आहे. दोन्ही हत्यारं आणि चाळीसेक काडतुसं अजून घरच्या कपाटात आहेत. मुलाला परवाना नको, बहीण कोल्हापुरात, धाकटा भाऊ अमेरिकेत. जवळच्या गन हाऊसवाल्याने सांगितलेला आकडा कमी वाटतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका ग्रुपमध्ये एकाने रिव्हॉल्वरला जवळजवळ दुप्पट देतो म्हटलंय. तेव्हा ऑनलाइन विकावं की डीलरला द्यावं?

तुम्ही प्रश्न किमतीचा म्हणून विचारलाय. पण त्याच्या आधी एक गोष्ट सुटायला हवी: आज ही हत्यारं तुमच्या घरात कोणत्या अधिकाराने आहेत? परवाना वडिलांच्या नावाचा होता आणि तो त्यांच्याबरोबर संपला. वारस म्हणून तुम्ही हत्याराच्या किमतीचे मालक झालात, पण हत्यार ताब्यात ठेवण्याचे हक्कदार झाला नाहीत. घर आणि जमीन वारसाने येते, शस्त्राचा ताबा येत नाही. पुढचं माझं सगळं उत्तर या एका फरकावर उभं आहे, म्हणून आधी तो नीट सांगतो.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ शस्त्रांच्या विक्रीबद्दल आहे. विक्रीचा परवाना नसलेल्या सामान्य माणसाला विक्री करता येते ती याच कलमाच्या पोटकलम २ मुळे. त्याचा आशय असा की स्वतःच्या खाजगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेलं शस्त्र तुम्ही ते बाळगण्याचा हक्क असलेल्या दुसऱ्या माणसाला विकू शकता. मात्र विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावा लागतो, आणि कळवल्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. यातले 'कायदेशीरपणे बाळगलेलं' हे शब्द तुमच्या बाबतीत अडतात. वडील हयात असताना त्यांनी स्वतः ग्राहक शोधून विकलं असतं तर या सवलतीत बसलं असतं. तुमचा ताबाच कायदेशीर नाही, त्यामुळे तुम्ही या दारातून जाऊ शकत नाही.

तुमच्यासाठी दार आहे ते कलम २१ चं. ते म्हणतं, ताबा कोणत्याही कारणाने कायदेशीर राहिला नाही तर शस्त्र आणि दारूगोळा विनाकारण विलंब न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा. जमा केल्यावर, ठरलेल्या मुदतीच्या आत, जमा करणाऱ्याला किंवा त्याच्या कायदेशीर वारसाला दोन हक्क मिळतात. ताबा ठेवण्याचा परवाना मिळाला तर हत्यार परत घेता येतं, नाहीतर हक्कदार माणसाला ते विकता येतं, किंवा विकण्याचे अधिकार दुसऱ्याला देऊन पैसे आपण घेता येतात. मुदतीत काहीच केलं नाही तर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने हत्यार सरकारजमा होतं. म्हणजे तुमच्या बाबतीत क्रम आधी जमा आणि मग विक्री असाच आहे. जमा न करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि कलम ५ मोडून विकणं, इतकंच नाही तर विक्रीसाठी देऊ करणं, यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. 'देऊ करणं' हे शब्द त्या कलमातच आहेत. म्हणून ग्रुपमध्ये फोटो टाकण्याचा विचार सध्या पूर्ण बाजूला ठेवा.

आठ महिने झाले म्हणून घाबरून जाऊ नका, आणि या भीतीने हत्यार कुणा ओळखीच्याकडे 'ठेवायला' तर मुळीच देऊ नका. मृत्यूनंतर घरच्यांना कपाट उघडायलाच महिने लागतात हे परवाना शाखेतल्या लोकांना माहीत असतं. स्वतःहून अर्ज घेऊन आलेल्या वारसाकडे आणि तपासात हत्यार सापडलेल्या माणसाकडे सारख्या नजरेने पाहिलं जात नाही. पण आता आणखी दिवस घालवू नका.

जमा करायची रीत सांगतो. वडिलांच्या परवान्यावर हत्यारांचं पान आहे, ते समोर ठेवा. दोन्ही हत्यारं रिकामी आहेत याची खात्री करा. दुनळी मधून वाकवून उघडा आणि दोन्ही चेंबर, म्हणजे काडतूस बसतं त्या जागा, बघा, रिव्हॉल्वर उघडून सिलिंडरची सगळी घरं बघा. उघडता येत नसेल तर हात लावू नका, जाणकाराला बोलवा. काडतुसं मोजून वेगळ्या डब्यात ठेवा आणि नळी कोणाकडेही वळवू नका. मग पोलीस ठाण्याला आणि डीलरला आधी फोन करा. हत्यार गाडीत घालून विनापरवाना जिल्हाभर फिरणं हा सुद्धा ताबाच आहे. बऱ्याच ठिकाणी ठाण्यातून कर्मचारी घरी येऊन पंचनामा करून हत्यार नेतात, काही ठिकाणी वारसाला लेखी अर्जासह घेऊन यायला सांगतात. इथे कार्यालयाप्रमाणे पद्धत बदलते, म्हणून विचारूनच पाऊल टाका. बरोबर मूळ परवाना, मृत्यू दाखला, तुमचं ओळखपत्र आणि अर्जाच्या दोन प्रती असाव्यात. एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. पुढे कुणी 'इतके दिवस काय करत होतात' असं विचारलं, तर दाखवायला तीच पोच असेल.

ठाण्यात जमा करायचं की डीलरकडे, यात मी शक्य असेल तिथे डीलर निवडायला सांगतो. कायद्याने दोन्ही सारखेच, हत्याराच्या तब्येतीने मात्र नाही. ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत तुमची बंदूक चिठ्ठी बांधून एका कोपऱ्यात उभी राहते. तिला तेल लावणं हे तिथे कुणाचं काम नसतं. महाबळेश्वर-जावळीकडचे किंवा कोकणातले दोन पावसाळे अशा अवस्थेत गेले की नळीत आतून गंजाचे खड्डे पडतात आणि ते कोणत्याही पॉलिशने भरून येत नाहीत. त्यातही हत्यार चामड्याच्या म्यानात किंवा होल्स्टरमध्येच जमा केलं तर जास्त वाईट, कारण चामडं ओल धरून ठेवतं. चांगला डीलर नळीतून तेलाचा हात फिरवतो, वर्षातून दोनदा काढून बघतो. त्याच्या परवान्यावर शस्त्रं सुरक्षित ताब्यात ठेवण्याची परवानगी आहे का हे मात्र पाहून घ्या. नुसता विक्रीचा फलक पुरेसा नाही. आणि जमा करतानाच मासिक भाडं किती हे लिहून घ्या.

जमा पावतीवर बनावट, क्रमांक, बोअर, नळीची लांबी, दिसणारे दोष, आणि बरोबर दिलेली पेटी, सफाईचा गज, जादा नळ्या हे सगळं लिहिलेलं असू द्या. जुन्या इंग्लिश दुनळ्यांची मूळ ओकची किंवा चामड्याची पेटी असेल तर ती वेगळी लिहून घ्या, तिला स्वतःची किंमत असते. हत्याराचे दोन्ही बाजूंचे आणि क्रमांकाचे फोटो आधीच काढून ठेवा.

क्रमांकाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण विक्री अडकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं. जुन्या परवान्यांच्या वह्या हाताने लिहिलेल्या. त्यात एखादा अंक गळलेला असतो, ३ चा ८ झालेला असतो, बनावटीचं नाव ऐकून लिहिलेलं असतं. आणखी एक घोटाळा असा की हत्यारावर पेटंटचा क्रमांक ठळक कोरलेला असतो आणि तोच हत्याराचा क्रमांक म्हणून वहीत उतरलेला असतो. दुनळीचा खरा क्रमांक सहसा नळ्यांच्या सपाट तळाशी, अ‍ॅक्शनवर (नळ्या बसतात त्या मधल्या लोखंडी सांगाड्यावर) किंवा ट्रिगर गार्डच्या पट्टीवर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडी भागावर असतो, आणि मूळ जोडणी असेल तर तिन्ही जुळतात. काही बनावटीच्या रिव्हॉल्वरवर तो मुठीच्या तळाशी असतो आणि मोठी ग्रिप बसवली की झाकला जातो. परवान्यावरचा क्रमांक आणि हत्यारावरचा क्रमांक जुळत नसेल तर कोणताही प्रामाणिक ग्राहक किंवा डीलर व्यवहार पूर्ण करणार नाही. ज्यावर बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह नाही अशा हत्याराची विक्री कलम ८ ने बंद केलेली आहे, आणि क्रमांक खोडणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे. म्हणून विसंगती दिसली तर स्वतः काही 'दुरुस्त' करायला जाऊ नका. जमा करतानाच अर्जात ती लिहा आणि हत्याराची तपासणी करून नोंद दुरुस्त करण्याची विनंती परवाना प्राधिकाऱ्याकडे करा. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ती ग्राहक शोधण्याच्या आधी व्हायला हवी.

दुसरी तपासणी बोअरची. वेब्लीची रिव्हॉल्वरं .३२ मध्ये येतात तशी .३८० आणि .४५५ मध्येही येतात. .३८० किंवा .४५५ ची सैनिकी काडतुसं घेणारं हत्यार प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, आणि मग ते साध्या परवानाधारकाला विकताच येत नाही. त्याचा मामला केंद्र सरकारच्या परवानगीशी जोडलेला आहे. नळीवरचा शिक्का आणि परवान्यावरची नोंद दोन्ही वाचा. तसंच जुनी दुनळी कुणी कापून आखूड केलेली नाही ना हे बघा. २० इंचांपेक्षा आखूड नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक प्रतिबंधित वर्गात जाते, आणि परवान्याशिवाय नळी आखूड करणं हाच कलम ६ खाली गुन्हा आहे.

आता किमतीकडे येऊ. तुमच्या दोन हत्यारांचा बाजार एकमेकांपासून अगदी वेगळा आहे, आणि डीलरने दिलेला आकडा कमी आहे की योग्य हे त्याशिवाय कळणार नाही.

रिव्हॉल्वरची गोष्ट सोपी आहे. सर्वसामान्य परवानाधारकासाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे देशात जितकी जुनी वेब्ली, स्मिथ अँड वेसन किंवा वाल्थर होती तितकीच फिरत राहतात, नवी येत नाहीत. नव्या परवानाधारकाला नवं हवं असेल तर आयुध निर्माणीचं .३२ रिव्हॉल्वर किंवा अलीकडच्या भारतीय खाजगी कारखान्यांचा माल मिळतो. म्हणूनच जुन्या इंग्लिश रिव्हॉल्वरला ग्राहक तयार असतो आणि नव्या भारतीय हत्याराच्या किमतीपेक्षा जास्त द्यायलाही तयार असतो. म्हणून ग्रुपमधला दुप्पट आकडा अशक्य नाही. पण तो मिळतो सिलिंडर घट्ट असेल, मागचा घोडा (हॅमर) ओढल्यावर सिलिंडर नेमकं नळीसमोर थांबत असेल, नळीत खड्डे नसतील आणि मूळ निळसर झाक शाबूत असेल तरच. विक्रीआधी 'चकाचक' करण्यासाठी बफिंग किंवा नवं ब्लूइंग करू नका. कोरीव अक्षरं पुसट होतात, संग्राहक पाठ फिरवतो, आणि क्रमांक घासला गेला तर कायद्याचा प्रश्न उभा राहतो.

दुनळीचं उलटं आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नंतर शिकार संपली, आणि १२ बोअरला उरले ते पीकसंरक्षण, घराची राखण, सुरक्षारक्षकाची नोकरी आणि हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेम धरणारे थोडे क्ले नेमबाज. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणारी अग्निशस्त्रं ३ वरून २ वर आणली. ज्यांच्याकडे तीन होती त्यांच्यातल्या अनेकांनी छोटं हत्यार ठेवलं आणि लांब बंदूक विकायला काढली. बाजारात दुनळ्या भरपूर, घेणारे थोडे. साध्या बॉक्सलॉक (यंत्रणा मधल्या सांगाड्यातच असलेल्या) दुनळीला डीलरने दिलेला कमी आकडा बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. नामांकित बनावटीची साइडलॉक (यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर असलेली), कोरीवकाम असलेली, मूळ पेटीसह असेल तर गोष्ट वेगळी, तिला संग्राहक लागतो आणि त्याला वेळ लागतो.

दुनळीबाबत सुरक्षेची एक बाब ग्राहकाला सांगायलाच हवी. जुन्या इंग्लिश बंदुकांचे चेंबर बहुधा अडीच इंचाचे असतात, आणि आज मिळणारी पुष्कळ काडतुसं पावणेतीन इंचांची असतात. न उडवलेलं पावणेतीन इंची काडतूस अडीच इंची चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. नळ्यांवर वळ्यावळ्यांची नक्षी दिसत असेल तर त्या दमास्कस पद्धतीच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळून जोडलेल्या, असू शकतात. अशा नळ्यांत आधुनिक धूरविरहित दारूची काडतुसं वापरू नयेत. नळ्या बंद केल्यावर अ‍ॅक्शनशी हलत असतील, फट दिसत असेल, तर तेही सांगा. हे विक्रीपत्रात लिहिल्याने किंमत थोडी उतरेल, पण घेणाऱ्याचा हात वाचेल.

ऑनलाइनबद्दल मला खात्रीने एवढं म्हणता येतं की भारतात ऑनलाइन जागा ग्राहक शोधून देऊ शकते, हस्तांतर करून देऊ शकत नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामने खाजगी व्यक्तींमधली बंदूकविक्री २०१६ मध्येच बंद केली आहे. सामान्य जाहिरातींच्या मोठ्या स्थळांवरही शस्त्रांना मनाई आहे. उरतात ते नेमबाजीच्या आवडीचे आणि परवानाधारकांचे ग्रुप. तिथे खरे, चांगले ग्राहक असतात, आणि त्यांच्या आडून फसवणारेही असतात. ठरलेले प्रकार सांगतो. 'टोकन' पाठवतो म्हणून क्यूआर कोड स्कॅन करायला लावणं. स्वतःला सैन्यातला जवान सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवणं आणि 'आमचं पार्सल मिलिटरी ट्रान्सपोर्टने जातं' म्हणणं. तुमच्याकडून परवान्याचा फोटो मागून त्यावरूनच दुसरीकडे बनावट परवाना तयार करणं. आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे 'आधी हत्यार द्या, कागद नंतर करू' असं म्हणणं. हत्यार कुरिअरने, बसच्या पार्सलने, ट्रान्सपोर्टने पाठवणं हा विषयच संपवा. ते हातोहात, हक्कदार माणसाला, कागद पूर्ण झाल्यावरच जातं.

घेणाऱ्याचा परवाना खरा आहे का हे पीडीएफ बघून कळत नाही. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिलेल्या लाखो परवान्यांची सीबीआयने चौकशी केली, त्यातले कित्येक नियम धाब्यावर बसवून दिल्याचा आरोप होता. कागद अगदी अधिकृत दिसतो आणि तरी तो चालत नाही. परवान्यावर राष्ट्रीय नोंदणीचा युआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का, मुदत संपलेली नाही ना, त्या प्रकारच्या हत्याराची जागा परवान्यावर रिकामी आहे का, खरेदीची मुदत चालू आहे का, आणि परवान्याचं क्षेत्र महाराष्ट्रापुरतं की संपूर्ण भारत, एवढं पाहायचं असतं. ज्याच्याकडे आधीच दोन हत्यारं आहेत त्याला तिसरं विकता येत नाही, तो कितीही पैसे देवो. ही पडताळणी देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी यायला हवी, आणि कार्यालयं असं उत्तर सहसा दुसऱ्या कार्यालयाला किंवा डीलरला देतात, तुम्हाला फोनवर देत नाहीत.

म्हणून तुमच्यासाठी मी असा मार्ग सुचवतो. दोन्ही हत्यारं आणि काडतुसं एकाच चांगल्या डीलरकडे जमा करा. दुनळी त्याला सरळ विकून टाका, आकडा थोडा घासून बघा पण महिनेमहिने वाट बघू नका. समजा डीलर दुनळीचे २५,००० देतो आणि तुम्हाला ४०,००० ची आशा आहे. ताब्याचं भाडं महिन्याला ७०० धरलं आणि ग्राहक यायला दीड वर्ष लागलं, तर १२,६०० भाड्यातच गेले, शिवाय वरचं कमिशन आणि सातारच्या खेपा वेगळ्या. रिव्हॉल्वर मात्र त्याला विकू नका, त्याच्याकडे विक्रीसाठी ठेवा. मालकी वारसांचीच राहते, ग्राहक मिळाला की डीलर ठरलेलं कमिशन घेतो आणि बाकी रक्कम तुमच्या खात्यात येते.

ग्रुपमधल्या त्या माणसाचं काय? तो खरा असेल तर त्याला डीलरचा पत्ता द्या. त्याने मूळ परवाना घेऊन दुकानात यावं, हत्यार तिथेच बघावं, डीलरने त्याच्या परवान्याची पडताळणी करावी आणि व्यवहार डीलरच्या नोंदवहीतून व्हावा. खरा ग्राहक याला तयार होतो, कारण त्यालाही पुढे हत्याराची नोंद स्वतःच्या परवान्यावर करून घ्यायची असते. जो 'दुकान नको, मध्ये कोणी नको' म्हणतो, त्याचा आकडा दुप्पट असला तरी तो विसरून जा. ग्राहक तुम्ही आणलात तर डीलरने कमिशन कमी घ्यावं, अशी मागणी रास्त आहे, ती आधीच बोलून घ्या.

डीलर कमी आकडा का देतो हेही समजून घ्या, म्हणजे घासाघीस योग्य ठिकाणी होते. त्याच्या परवान्यावर साठ्याची मर्यादा असते, तुमच्या हत्याराने त्यातली एक जागा अडते. त्याचे पैसे अडकतात, विकताना त्याला जीएसटी लावावा लागतो, आणि निवडणुकीच्या काळात महिना-दोन महिने परवानग्या आणि शस्त्रांची ने-आण जवळजवळ थांबते. विक्रीसाठी ठेवताना यातला पैसे अडकण्याचा भाग त्याच्यावर नसतो, त्यामुळे तिथे कमिशन कमी करायला जागा असते.

विक्रीसाठी ठेवण्याचा करार साध्या कागदावर न करता स्टॅम्प पेपरवर करा. त्यात किमान किंमत, कमिशन, ताब्याचं भाडं कमिशनमध्ये धरलं आहे की वेगळं, कराराची मुदत, हत्यार कोणालाही चाचणीसाठी किंवा वापरायला दिलं जाणार नाही ही अट, आणि विक्री झाल्यापासून किती दिवसांत पैसे मिळतील, हे यायला हवं. किमान किमतीखाली विकायचं असेल तर तुमची लेखी संमती लागेल हे वाक्य विसरू नका, बहुतेक वाद याच मुद्द्यावर होतात. एकाच डीलरच्या शब्दावर थांबू नका. साताऱ्याबरोबर पुण्या-कोल्हापुरातल्या दोघा-तिघांना बनावट, बोअर आणि फोटो दाखवून आकडे विचारा. हत्यार जमा असताना नुसता भाव विचारायला कुणाची ना नाही.

वारसांचे कागद आत्ताच करून घ्या. आई हयात असेल तर तिची, बहिणीची आणि धाकट्या भावाची, तिघांची संमतीपत्रं लागतील. भावाने अमेरिकेतून भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून पाठवलेलं संमतीपत्र किंवा मुखत्यारपत्र चालतं, फक्त त्यात दोन्ही हत्यारांचे क्रमांक आणि 'विक्री करून रक्कम स्वीकारण्याचे अधिकार' हे स्पष्ट लिहिलेलं असावं. नुसतं 'मालमत्तेचे सर्व अधिकार' लिहिलेल्या पत्रावर अनेक कार्यालयं हरकत घेतात. वडिलांची आठवण म्हणून रिव्हॉल्वर त्याला तिकडे पाठवण्याचा विचार कुणी बोलून दाखवला असेल तर तो सोडून द्या, निर्यातीची परवानगी हा स्वतंत्र आणि अवघड प्रकार आहे. घरात कुणाला दोन्हींपैकी एक ठेवावंसं वाटत असेल तर शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. वय किमान २१ पूर्ण, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण, पोलीस पडताळणी हे सगळं लागेलच. ते ठरवायचं असेल तर विक्रीच्या आधी ठरवा, कारण जमा असलेलं हत्यार परत मिळण्याचा हक्क तोवरच आहे.

काडतुसांबद्दल: ती घरात 'आठवण' म्हणून एकही ठेवू नका. दारूगोळ्यालाही परवाना लागतो आणि तो नसताना एक काडतूससुद्धा पुरतं. वीस-पंचवीस वर्षं पडलेली, पितळ हिरवं पडलेली किंवा कागदी नळकांडं फुगलेली काडतुसं वापरण्याजोगी नसतात. डीलर ती वेगळी काढून नष्ट करण्यासाठी पोलिसांकडे देण्याची व्यवस्था करतो. ती विहिरीत टाकणं किंवा पुरणं दोन्ही चूक.

जे वाचक स्वतः परवानाधारक आहेत, हत्यार स्वतःच्या नावावर आहे आणि चांगलं रिव्हॉल्वर विकायचं आहे, त्यांच्यासाठी माझं मत वेगळं आहे. त्यांनी परवानाधारकांच्या ग्रुपमधून ग्राहक शोधायला हरकत नाही. बोअर, बनावट, नळीची लांबी, अवस्था आणि जिल्हा एवढंच लिहा. पूर्ण क्रमांक, घराचा पत्ता आणि परवान्याचा फोटो टाकू नका, घरात हत्यार आहे हे चोरालाही कळतं. ग्राहक ठरला की कलेक्टर कचेरीच्या गृह शाखेत, किंवा आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांच्या परवाना शाखेत, इराद्याचा अर्ज द्या. ४५ दिवस पोच मिळालेल्या तारखेपासून मोजा. कायद्यात कळवणं आणि थांबणं एवढंच लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात बहुतेक कार्यालयं विक्रीची लेखी परवानगी काढल्याशिवाय पुढे सरकू देत नाहीत आणि घेणारा दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिकडची ना-हरकत मागतात. तेव्हा दोन ते चार महिने धरून चाला, आणि ग्राहकाकडून मोठी आगाऊ रक्कम घेऊन बसू नका.

पैसे कोणत्याही मार्गाने विकलं तरी बँकेतूनच घ्या. दोन लाख किंवा त्यापेक्षा जास्त रोख घेणं आयकर कायद्यानेच बंद आहे, आणि शस्त्राच्या व्यवहारात त्याहून कमी रोख रक्कमही पुढे संशयाला जागा देते. विक्रीपत्रावर हत्याराचा क्रमांक, घेणाऱ्याचा परवाना क्रमांक आणि युआयएन, तारीख आणि रक्कम हवी, आणि डीलरच्या बिलाची प्रत हवी.

विक्री झाल्यावर काम संपलं असं समजून लोक थांबतात आणि तिथेच पुढची अडचण राहते. कार्यालयाच्या नोंदीत ही दोन हत्यारं अजून वडिलांच्या नावावर असतात. पुढच्या निवडणुकीत शस्त्रं जमा करण्याची नोटीस त्यांच्याच नावाने घरी येते, आणि ठाण्यातला नवा कर्मचारी 'हत्यार कुठे आहे' म्हणून दारात उभा राहतो. म्हणून बिलाची प्रत, घेणाऱ्याच्या परवान्यावर नोंद झाल्याची प्रत आणि मृत्यू दाखला जोडून मूळ परवाना रद्द करण्याचा अर्ज गृह शाखेत द्या. परवाना रद्द झाल्याचा लेखी आदेश हातात येईपर्यंत पाठपुरावा करा, त्याची एक प्रत स्थानिक ठाण्यात देऊन पोच घ्या, आणि मूळ आदेश घराच्या कागदपत्रांबरोबर कायमचा ठेवा.